वोर्शाचा तोंडी निरोप

पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनमधल्या आमच्या संस्थेच्या तळघरात एक बाई काच फुंकायच्या. वरच्या चार मजल्यांवर आम्ही रसायनशास्त्राची मंडळी जे काही प्रयोग करायचो, त्यांच्या नळ्या, चंबू, सगळं खाली त्यांच्या ज्योतीवर तयार व्हायचं. दारावर पाटी होती ‘उर्सुला श्नायडर’. १९६६ च्या हिवाळ्यात मी पुण्याहून डॉक्टरेटसाठी तिथं पोचलो आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून एक कंडेन्सर फुटला. तुकडे कागदात गुंडाळून मी तळघरात उतरलो.

बाईंनी तिशी ओलांडलेली. बारीक चण, डोळ्यांवर गडद चष्मा, केस रुमालात घट्ट बांधलेले. ज्योतीत काचेची नळी फिरवत त्या स्वतःशीच काहीतरी मोजत होत्या. “येडन, द्वाय, त्सी, श्तिरी, प्येच...”

मी जर्मन शिकून आलो होतो. हे जर्मन नव्हतं. मला राहवलं नाही. म्हटलं, “फ्राउ श्नायडर, हे तर आमच्यासारखंच मोजणं झालं. एक, दोन, तीन, चार, पाच.”

त्यांनी नळी खाली ठेवली. “मी मोठ्यानं मोजत होते का?” असं त्यांनी दचकून विचारलं. मग दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, “पुन्हा म्हणा बघू.”

मी पुन्हा मोजून दाखवलं. त्या हसल्या. नाव विचारलं. मी म्हणालो, “आत्माराम कुवळेकर.” आडनावाच्या वाटेला त्या गेल्याच नाहीत. “आत्मा,” त्या म्हणाल्या, “जर्मनमध्ये श्वास घेण्याला आटमेन म्हणतात. तुमच्याकडे?” आत्मा या शब्दाचा मूळ अर्थ श्वासच असावा असं आमचे शास्त्रीबुवा सांगत, असं मी म्हणालो. “गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणजे तुम्ही माझ्याच धंद्यातले,” त्या म्हणाल्या आणि दोन दिवसांनी नवा कंडेन्सर स्वतः वर आणून दिला.

त्या जर्मन नव्हत्या, हे मला कळायला आणखी वर्ष जावं लागलं. ड्रेस्डेनच्या ईशान्येला, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाच्या सीमांच्या कोपऱ्यात, सोर्ब नावाची एक लहानशी जमात राहते. लाखभरही नसतील. त्यांना देश नाही, सैन्य नाही, राजधानी नाही. भाषा आहे, ती चेक आणि पोलिश या भाषांची धाकटी बहीण शोभावी अशी. हिटलरच्या काळात शाळेत ती बोलणाऱ्या मुलांना छड्या बसायच्या. प्रत्येक सोर्ब माणसाला दोन नावं असतात, एक कागदावरचं आणि एक घरातलं. कागदावरच्या उर्सुला श्नायडर घरी वोर्शा क्राउत्सेत्स होत्या. दोन्ही आडनावांचा अर्थ शिंपी.

१९६७ च्या शरद ऋतूत गावच्या जत्रेला त्यांनी मला घरी नेलं. बसमधून उतरल्यावर रस्त्याच्या कडेला दगडी क्रूस, पुढे तळं, तळ्यापलीकडे पंचवीस-तीस घरं. त्यांची आई मादलेना अजून काळा घोळदार झगा आणि डोक्याला पट्टी असा जुना वेश करायची. धाकटा भाऊ युरी पंचवीस वर्षांचा, तरी लाजरा, हातापायांनी नको तेवढा वाढलेला. टेबलाभोवती सगळे सोर्बमध्ये बोलत होते. शेजारचा जर्मन दूधवाला हिशेबाला आला, तेव्हा वाक्याच्या मध्यातच सगळ्यांनी भाषा बदलली, आणि तो गेल्यावर तेच वाक्य उरलेल्या अर्ध्यापासून सोर्बमध्ये पुढे सुरू झालं. हे करताना कुणी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. परक्या देशात राहून मी थोडंफार जे शिकत होतो, ते ही माणसं स्वतःच्या स्वयंपाकघरात करत होती.

पुढचं वर्ष अडुसष्ट. त्या वसंतात प्राग रेडिओवर लोक कशाही विषयावर मोकळेपणानं बोलायला लागले होते. आम्हाला ते वर्तमानपत्रात गाळून, चाळून मिळायचं. मादलेनाच्या गावाला दुभाष्याची गरज नव्हती. चेक त्यांना कळत होतं. संध्याकाळी कुंपणापाशी उभ्या राहून म्हाताऱ्या एकमेकींना प्रागची खबर सांगायच्या, जणू लेक सासरी कशी नांदते आहे ते सांगत असाव्यात. सोमवारी वोर्शा तळघरात आल्या की मला तेच सगळं जर्मनमधून मिळायचं.

जूनमध्ये परवाना काढून त्या तीन दिवस सीमेपलीकडे जाऊन आल्या. परत आल्यावर आठवडाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. मी एक चंबू दुरुस्तीला घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी ज्योत बारीक केली आणि म्हणाल्या, “बसा. कुणालातरी सांगायला हवं. तुम्ही लांबचे आहात.”

युद्ध संपलं तेव्हा सोर्ब भागात सोर्ब शाळाच उरल्या नव्हत्या. चेक लोकांनी या आपल्या चुलत भावंडांची मुलं पलीकडे नेली, त्यांच्यासाठी वर्ग काढले, घराघरांतून त्यांना ठेवून घेतलं. शेहेचाळीस साली तेरा वर्षांची वोर्शा अशीच गेली. तिला ठेवून घेतलं श्रीमती येलिंकोव्हा नावाच्या एका विधवेनं. बाई स्वतःच त्या गावात नवीन होत्या, आतल्या प्रांतातून आलेल्या. मुलाचा पलंग मात्र गाडीवर घालून बरोबर आणला होता. मुलाचं नाव विट. बेचाळीसच्या उन्हाळ्यात, एकोणीस वर्षांचा असताना, जर्मनांनी त्याला इतर काहीजणांबरोबर वीटभट्टीमागे उभं करून गोळ्या घातल्या होत्या. वोर्शा त्याच्या पलंगावर झोपायची.

“उशाच्या फळीवर त्यानं चाकूनं नाव कोरलं होतं,” वोर्शा म्हणाल्या. “अंधारात माझी बोटं आपोआप तिथं जायची. अडीच वर्षं.”

“आणि त्या बाई?”

“आईसारख्या. आईपेक्षा कडक. चेक व्याकरण चुकलं की सूपचा चमचा थांबवायच्या.” त्यांनी माझा चंबू बाजूला ठेवला. “श्रीयुत आत्मा, बेचाळीसच्या उन्हाळ्यात माझे वडील कुठं होते, ठाऊक आहे? बोहेमियात. जर्मन सैन्यात. त्यांना विचारून कुणी नेलं नव्हतं, सोर्बांना कोण विचारतो. पहाऱ्याच्या तुकडीत होते. तिथून त्यांचं एक पोस्टकार्ड आलं होतं. त्यावर गावाचा शिक्का आहे. विटला मारलं, त्या गावापासून नऊ किलोमीटर.”

“काय लिहिलं होतं?”

“‘इथलं काम जड आहे. मुलांना सांभाळ.’ एवढंच. चव्वेचाळीस साली ते रशियात मारले गेले. विचारायला माणूस उरलं नाही.”

ज्योत आणखी बारीक करून त्या म्हणाल्या, “मी या वेळी सांगायला गेले होते. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तोंड उघडत होते. रेडिओ चालू, बाई खुशीत, म्हणत होत्या, आता विटचं नाव शाळेच्या भिंतीवर लावणार आहेत. मी जेवले, भांडी घासली, परत आले.”

तोवर युरीला सक्तीच्या लष्करी नोकरीत घेऊन दोन महिने झाले होते. जुलैअखेर त्याची तुकडी सीमेलगतच्या जंगलात हलवल्याचं कळलं. सराव आहे, असं सांगण्यात आलं.

वीस ऑगस्टच्या संध्याकाळी मादलेनाच्या गावातून गाड्या जायला लागल्या आणि त्या पहाटेपर्यंत थांबल्या नाहीत. कपाटातल्या कपबश्या वाजत होत्या म्हणून म्हातारीनं त्या सगळ्या काढून अंथरुणात ठेवल्या आणि स्वतः खुर्चीत बसून राहिली. सकाळी रेडिओनं सांगितलं की पाच भ्रातृदेशांच्या फौजा चेक जनतेच्या मदतीला गेल्या आहेत. आपलेही जवान त्यात आहेत, असं वर्तमानपत्रानं अभिमानानं छापलं. वोर्शा त्या दिवशी कामावर आल्या, चष्मा लावला, ज्योत पेटवली आणि संध्याकाळपर्यंत एकही वस्तू बनवली नाही. मी दोनदा जाऊन पाहिलं. ज्योत जळत होती आणि त्या समोर बसून होत्या. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा न वळता म्हणाल्या, “आधी वडील, आता भाऊ. दुसऱ्यांदा आमच्याच घरातून.”

शुक्रवारी दुपारी संस्थेच्या मोठ्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. एक कागद वाचून दाखवण्यात आला. भ्रातृदेशांच्या कारवाईला आम्हा कर्मचाऱ्यांचा पूर्ण पाठिंबा, असं त्यात होतं. मग तो टेबलावर ठेवला आणि एकेक जण पुढे जाऊन सही करू लागला. कुणी घाईनं, कुणी घड्याळाकडे बघत. वोर्शांची पाळी आली. त्यांनी पेन उचललंच नाही.

“मी सही करणार नाही.”

सभा चालवणारे गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी सांभाळून घेत विचारलं, “का, सहकारी श्नायडर?”

“मी त्यांच्या घरी अडीच वर्षं जेवले आहे.”

मागे कुणीतरी हसलं. गृहस्थ म्हणाले, “हा राजकीय प्रश्न आहे. जेवणाचा नाही.”

“माझ्यासाठी जेवणाचाच आहे,” वोर्शा म्हणाल्या. “आणि सही नाकारली म्हणून माझं नाव टिपायचं असेल, तर वोर्शा क्राउत्सेत्स असं टिपा. मी हजर आहे.”

त्या जागेवर जाऊन बसल्या. आजूबाजूच्या दोन खुर्च्या बघता बघता रिकाम्या झाल्या. मग त्या गृहस्थांची नजर माझ्यावर आली. परदेशी विद्यार्थ्यांवर काही बंधन नाही, पण भारतीय मित्राची सही असली तर आनंद होईल, असं ते म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे शिष्यवृत्ती आली, अर्धवट प्रबंध आला, साताऱ्याला माझ्या पत्रांवर जगणारे वडील आले. मी उठलो आणि सही केली. मराठीत केली. देवनागरी इथं कुणाला वाचता येते, अशी स्वतःची समजूत घातली.

बाहेर पडताना वोर्शा जिन्यापाशी भेटल्या. “तुमच्या लिपीत काय लिहिलंत?”

“माझं नाव.”

“दुसरं काही नाही?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “रविवारी गावी या. आईनं बोलावलंय.”

मी गेलो. न जाण्याचंही धैर्य नव्हतं. गावच्या चर्चमध्ये त्या दिवशी पाऊल ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या बाकावर हॅट मांडीवर घेतलेले दोन अनोळखी पुरुष बसले होते. पाद्रीबुवा घटनेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. सुगीबद्दल बोलले. प्रार्थना संपली, लोक उठणार, इतक्यात पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सुतारानं बसल्या बसल्या एक भजन सुरू केलं. सोर्ब नव्हे, चेक. सीमेपलीकडे संकटकाळी म्हणतात ते जुनं भजन, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या ओळीला मादलेनाचा आवाज आला. तिसऱ्या ओळीला अख्खं गाव गात होतं. काहींना शब्द येत नव्हते, ते नुसताच सूर धरून होते. वोर्शा गात नव्हत्या. त्यांनी दोन्ही हातांनी समोरच्या बाकाची कड धरली होती आणि ओठ मिटलेले होते. मागच्या बाकावरचे दोघे एकमेकांकडे बघत होते. आपल्यासमोर नक्की काय म्हटलं जात आहे, हे त्यांना कळत नव्हतं. सव्वाशे-दीडशे माणसं असतील. दुसऱ्यांनी जिंकून घेतलेल्या एका देशासाठी त्यांच्याकडे एवढंच होतं, आणि ते त्यांनी दिलं.

त्या आठवड्यात वोर्शांनी येलिंकोव्हाबाईंना पत्र लिहिलं. चार पानी, चेकमध्ये. वडील, पोस्टकार्ड, नऊ किलोमीटर आणि आता युरी, सगळं. ड्रेस्डेनहून टाकलं तर ते फोडलं जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. माझा मित्र सुधीर पश्चिमेत हॅनोव्हरला इंजिनिअर होता आणि मी सप्टेंबरात त्याच्याकडे जाणार होतो. भारतीय पासपोर्टवर मला बर्लिनमध्ये पलीकडे जाता येत होतं.

“पश्चिम बर्लिनमध्ये टपालपेटीत टाका,” त्यांनी सांगितलं. “नाही म्हणालात तरी मला राग नाही.”

मी हो म्हणालो. त्या सहीनंतर मला हो म्हणायलाच हवं होतं.

पूर्व बर्लिनच्या सीमास्टेशनवर रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा होता. त्याची बॅग टेबलावर उपडी केली होती. मोजे एकेक करून उलटत होते. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात ते पत्र निखाऱ्यासारखं लागत होतं. मी रांग सोडून शौचालयात गेलो, पत्राचे बारीक तुकडे केले आणि तीनदा साखळी ओढली. एक तुकडा पाण्यावर परत परत वर येत होता. तो मी हातानं काढून तोंडात टाकला आणि गिळला. मग रांगेत उभा राहिलो. अधिकाऱ्यानं पासपोर्ट पाहिला, ‘इंडियन’ म्हणून हसला, आणि माझ्या बॅगेला हातही न लावता मला सोडलं.

हॅनोव्हरला सुधीरला सांगितलं. तो म्हणाला, “अरे, आपण पाहुणे. पाहुण्यानं घरच्यांच्या भांडणात पडू नये. विसरून जा.” मी विसरून जायचं ठरवलं.

परतल्यावर वोर्शांनी विचारलं, “टाकलंत?”

“जा,” मी म्हणालो. जर्मनमधला हो. एक अक्षर.

ऑक्टोबरात त्यांना कार्यालयात बोलावून सांगण्यात आलं की उत्पादनात काम करून त्यांनी स्वतःला सिद्ध करावं. गावाजवळच्या एका बाटल्यांच्या कारखान्यात त्यांची बदली झाली. तिथं काच यंत्र फुंकत होतं. वोर्शांनी उजेडाच्या पडद्यासमोर बसून पुढून सरकणाऱ्या बाटल्या बघायच्या आणि ज्यात बुडबुडा असेल ती बाजूला काढायची. आठ तास. त्यांच्या तळघरात दुसरा माणूस आला. त्यानं जोडलेले काचेचे सांधे गळायचे.

त्या हिवाळ्यात मला दर पंधरा दिवसांनी त्यांचं एक कार्ड यायचं. हवा, आईचे गुडघे, आणि शेवटी एकच ओळ, ‘तिकडून काही नाही.’ मी कार्ड वाचायचो आणि प्रयोगशाळेत जाऊन काम करायचो. झोप उडाली. कधीकधी जिभेवर कागदाची चव यायची, शाईची. पाणी प्यालं तरी जायची नाही. फेब्रुवारीच्या कार्डात ओळ वेगळी होती. ‘आता उत्तर येणार नाही. तिनं मला क्षमा केलेली नाही, आणि ते योग्यच आहे.’

त्याच रविवारी मी बसनं गावी गेलो. बर्फ होतं. युरी रजेवर आला होता, चुलीपाशी लाकडासारखा बसला होता. मादलेनानं मला हळूच सांगितलं की तो म्हणतो, आम्ही सीमा ओलांडलीच नाही, नुसते जंगलात बसून डबाबंद मटण खात होतो. “पण पेपरात तर छापलंय,” ती म्हणाली. “गावात कुणाचा विश्वास नाही. माझाही कधी बसतो, कधी नाही.” हे सगळं युरीला ऐकू जात होतं.

वोर्शांना मी तळ्याकडे फिरायला नेलं आणि सांगून टाकलं. शौचालय, तुकडे, सगळं. त्या थांबल्या. बर्फावर बुटानं एक रेघ ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे तिला काहीच माहीत नाही.”

“नाही.”

“सहा महिने मी तिला मनात कठोर ठरवत होते. आणि तिला माहीतच नाही.” मग माझ्याकडे पाहून, “तुम्ही घाबरलात. माझे वडीलही घाबरलेलेच असणार. भित्र्या माणसांवर रागावायचं ठरवलं तर मला घरापासूनच सुरुवात करावी लागेल.”

“मी स्वतः जातो,” मी म्हणालो. “मला व्हिसा मिळेल. पुन्हा लिहा.”

“कागद नको,” त्या म्हणाल्या. “कागदाला तुम्ही घाबरता. तोंडपाठ करा.”

तळ्याभोवती आम्ही चार फेऱ्या मारल्या. त्या जर्मनमधून एकेक वाक्य सांगत होत्या आणि मी शाळकरी पोरासारखा म्हणून दाखवत होतो. कुठं शब्द बदलला की त्या थांबवायच्या. “‘कदाचित’ नाही. मी ‘कदाचित’ म्हटलेलं नाही.”

मेमध्ये व्हिसा मिळाला. एल्बे नदीच्या काठानं गाडी सीमेपार गेली. येलिंकोव्हाबाईंचं घर शाळेमागे होतं. शाळेच्या भिंतीवर कुणाचंही नाव नव्हतं. बाई सत्तरीच्या, ताठ. मी जर्मन बोलायला लागताच त्यांच्या चेहऱ्यावर आठी आली, पण दुसरी भाषा आम्हा दोघांत नव्हती. मी म्हणालो, “वोर्शानं निरोप दिला आहे. मी तो तसाच म्हणणार आहे. मध्ये थांबवू नका, नाहीतर मी विसरेन.”

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मी म्हटलं सगळं. वडिलांचं नाव, तुकडी, पोस्टकार्डावरचा शिक्का, तारीख, युरीचं वय. शेवटचं वाक्य होतं, “मी तुमच्या मुलाच्या पलंगावर हे माहीत असून झोपले.”

बाई उठल्या, खिडकी लावली, परत येऊन बसल्या.

“मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, माझं जर्मन चुकलं.

“ती आली तेव्हा तिच्या अंगावर बापाचा लष्करी कोट होता, कापून लहान केलेला, निळा रंगवलेला. त्या वेळी सगळ्या पोरांच्या अंगावर असलंच काहीतरी असायचं. मी तो लांब करायला अस्तर उसवलं. आत शाईनं नाव आणि तुकडीचा आकडा होता. तो आकडा आमच्या जुन्या भागात सगळ्यांना पाठ होता.”

“मग?”

“मग काय. सकाळी तिचं बोचकं बांधलं आणि परत पाठवायला तिला स्टेशनवर नेलं. ती तुकडी वीटभट्टीवर होती की नव्हती, मी कुणाला विचारलं नाही. मला ती पोर घरात नको होती.” त्यांनी टेबलावरचा कण बोटानं टिपला. “गाडी आली नाही. त्या दिवसांत गाड्यांचा भरवसा नसे. चार तास बसलो. थंडी होती. घरी परत आलो. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. एवढंच आहे ते. तिला सांगा, त्यात माझा मोठेपणा काही नाही.”

“आणि काय सांगू?”

त्या म्हणाल्या, “ये म्हणावं. भावालाही आण म्हणावं. पण त्या लष्करी कपड्यांत नको.”

परत आल्यावर मी कारखान्याच्या फाटकाशी वोर्शांची वाट पाहिली आणि बसथांब्यावर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“स्टेशन मला आठवतं,” त्या म्हणाल्या. “तिनं मला गरम पाव घेऊन दिला होता. मला वाटलं, आगगाडी दाखवायला नेलंय. घरी आल्यावर मी मैत्रिणींना सांगितलं, आमची बाई किती चांगली.” बस आली. त्या चढल्या नाहीत. “वीस वर्षं तिच्यापासून काय लपवत होते मी? आणि ती माझ्यापासून?”

दुसरी बस तासाभरानं होती. आम्ही तिथंच तिची वाट पाहिली.

ऑक्टोबर एकोणसत्तरमध्ये माझी पदवी झाली आणि मी पुण्याला परतलो. वोर्शा कारखान्यातच होत्या. सीमेपार जायचा परवाना दोनदा नाकारला गेला होता. डिसेंबरच्या शेवटी त्यांचं पत्र आलं, पाकिटात, पहिल्यांदाच. युरी लष्करातून सुटून घरी आला होता, आणि तिसऱ्या अर्जावर दोघांना दोन दिवसांची परवानगी मिळाली होती. त्यांनी लिहिलं होतं:

‘बाईंनी दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं नाही, युरीकडे पाहिलं. तो त्यांच्यापुढे उभा होता आणि त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. त्यांनी चेकमध्ये विचारलं, “तू सीमा ओलांडलीस?” तो म्हणाला, “नाही.” त्या म्हणाल्या, “मग बस.” बाकी काही विचारलं नाही. त्याचं म्हणणं कुणीतरी एका दमात खरं मानण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याला जेवण गेलं नाही. उठून अंगणात गेला आणि बाईंची सगळ्या हिवाळ्याची लाकडं फोडायला लागला. आम्ही दोघी आत बसून ऐकत होतो. अंधार पडला, मी दोनदा हाक मारली, बाईंनी स्वतः जाऊन पुरे म्हणून सांगितलं. तरी तो थांबेना.’